पोलीस आरोप ठेवतात, कायदा सोडून देतो: एका व्याख्यानाच्या तयारीच्या नोंदी

२ जून

आमच्या सिनेमा-मंडळाच्या बैठकीत विषय एकदाचा मंजूर झाला. जुलैच्या शेवटच्या शनिवारी, वाचनालयाच्या वरच्या सभागृहात सचित्र व्याख्यान: सत्तरच्या दशकातले इटालियन पोलीसपट. वेळ ७५ मिनिटं. अध्यक्षबाईंना विषय पटलाय, खजिनदार काकांना अजून नाही. "अहो, आपण फेलिनी दाखवणारी माणसं. गोळीबाराचे सिनेमे लोक घरी बघतातच की." त्यांना म्हटलं, काका, त्या वर्षांतला इटलीचा रस्ता बघायचा तर तो याच सिनेमांत दिसतो. त्यावर ते "बघू" म्हणाले. काकांच्या भाषेत हा होकारच.

पूर्ण सिनेमे दाखवायचे नाहीत. हक्कदारांना पाठवलेल्या मेलला उत्तर नाही, येईलसं वाटतही नाही. तेव्हा छोटे तुकडे आणि मध्ये बोलणं.

चौकट: १९७२ ते १९७६. मुख्य सिनेमे तीन.
– 'ला पोलित्सिया रिंग्रात्सिया' (पोलीस आभारी आहेत), १९७२, दिग्दर्शक स्तेनो.
– 'ला पोलित्सिया इन्क्रिमिना, ला लेज्जे अस्सोल्वे' (पोलीस आरोप ठेवतात, कायदा सोडून देतो), १९७३, एन्झो कास्तेल्लारी.
– 'इल ग्रांदे राकेत' (मोठं खंडणी-जाळं), १९७६, पुन्हा कास्तेल्लारी.

फर्नांदो दी लेओ नाइलाजाने बाहेर. त्याचा 'मिलानो कालिब्रो नोव्हे' (१९७२) मला या सगळ्यांत जास्त आवडतो, पण त्याचा जीव गुंडांत आहे. तिथले दोन पोलीस अधिकारी कचेरीत बसून डाव्या-उजव्या राजकारणावर एकमेकांशी भांडतात, तेवढाच त्यांचा वाटा. आपला विषय आहे कडक पोलीस. विषय सोडून गेलं की ७५ मिनिटांचे दोन तास होतात, हे मंडळाला चांगलं ठाऊक आहे.

५ जून

पार्श्वभूमीचा फलक तयार केला. नुसत्या तारखा लावल्या तरी अंगावर येतं.

१२ डिसेंबर १९६९: मिलानमध्ये पियाझ्झा फोन्ताना चौकातल्या कृषी बँकेत बॉम्ब, १७ मृत्यू. तीन दिवसांनी चौकशीला आणलेला रेल्वे कामगार ज्युसेप्पे पिनेल्ली पोलीस मुख्यालयाच्या खिडकीतून खाली पडून मेला. तो अराजकवादी होता, आणि बॉम्बशी त्याचा संबंध नव्हता. डाव्या वर्तमानपत्रांनी लुइजी कालाब्रेझी या अधिकाऱ्याला त्याबद्दल खुनी ठरवून टाकलं. १७ मे १९७२ रोजी सकाळी कालाब्रेझीला घराबाहेर गोळ्या घातल्या. पुढे १९७५ मध्ये न्यायालयीन चौकशीचा निष्कर्ष आला की पिनेल्ली पडला तेव्हा कालाब्रेझी त्या खोलीत नव्हता. तोवर त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती.

मे १९७४, ब्रेशिया, पियाझ्झा देल्ला लोज्जा: सभेत स्फोट, ८ मृत्यू. ऑगस्ट १९७४, इतालिकुस एक्स्प्रेस या रेल्वेगाडीत बॉम्ब: १२ मृत्यू. शिवाय खंडणीसाठी अपहरणं. एकट्या १९७५ मध्ये साठाहून जास्त.

ही यादी व्याख्यानाच्या सुरुवातीला एकगठ्ठा वाचायची नाही. प्रत्येक सिनेमाच्या आधी त्या-त्या वर्षापुरती दोन ओळी. लोक सिनेमा बघायला येतात. पाढे म्हणून घेतले तर खुर्च्या सरकायला लागतील.

८ जून

पहिला सिनेमा पुन्हा पाहिला. 'ला पोलित्सिया रिंग्रात्सिया'पासून या लाटेची सुरुवात धरतात. गंमत म्हणजे दिग्दर्शक स्तेनो हा विनोदी सिनेमांचा माणूस, तोतो या गाजलेल्या विनोदी नटाबरोबर काम केलेला. इथे त्याने टोपणनाव बाजूला ठेवून स्तेफानो वान्झिना हे खरं नाव लावलं. या वेळी हसायचं नाही, एवढा निरोप प्रेक्षकाला त्यातूनच मिळाला असणार.

नायक बेर्तोने, रोमचा पोलीस अधिकारी. काम एन्रिको मारिया सालेर्नोचं. थकलेला, चिडका, डोळ्यांखाली काळं. कडक आहे, पण त्याचा कडकपणा आवाजात कमी आणि चालण्यात जास्त दिसतो. शहरात गुन्हेगारांचे मुडदे पडू लागतात आणि कळतं की कोणी गुप्त संघटना स्वतःच न्याय उरकते आहे. तिचा म्होरक्या निघतो एक निवृत्त बडा पोलीस अधिकारी. बेर्तोने त्याच्यासमोर जाऊन उभा राहतो आणि मारला जातो.

यातला तुकडा ठरला: पत्रकारांची बस. पोलीस काही करत नाहीत म्हणून रोज छापणाऱ्या पत्रकारांना बेर्तोने रात्री एका बसमध्ये बसवतो आणि रोम दाखवायला नेतो. पर्यटकांची सहल निघावी तसा तो पुढे उभा राहून बाहेर बोट दाखवत बोलतो. इथे कोण उभं असतं, तिथे काय चालतं, आणि कायद्याने आपल्याला काय करता येत नाही. खिडकीच्या काचेत पत्रकारांचे चेहरे आणि बाहेरचा रस्ता एकमेकांवर येतात. गोळी नाही, पाठलाग नाही. या सबंध प्रकाराची कैफियत त्या बसमध्ये मांडली गेली आहे आणि पुढच्या चार-पाच वर्षांत प्रत्येकाने ती आपापल्या परीने उचलली.

सिनेमा १९७२ च्या सुरुवातीला आला, म्हणजे कालाब्रेझीच्या खुनाच्या आधी. हे व्याख्यानात मोठ्याने सांगायचं.

११ जून

एक फलक इटालियन पोलिसांच्या रचनेवर हवाच. नाहीतर आपला प्रेक्षक 'कोमिस्सारिओ' ऐकून महानगराचा पोलीस आयुक्त डोळ्यांपुढे आणेल. हा माणूस तितका वरचा नाही. रस्त्यावर उतरणारा, गुन्हे शाखेतला अधिकारी. जिल्ह्याचा प्रमुख 'क्वेस्तोरे', त्याची कचेरी 'क्वेस्तुरा'.

खरी मेख पुढे आहे. तपासाचा लगाम पोलिसांच्या हातात नव्हता. सरकारी वकील आणि तपास-न्यायाधीश हे दोघेही न्यायसंस्थेचे, आणि पोलीस त्यांच्या हाताखाली. ही पद्धत १९८९ मध्ये नवी दंडप्रक्रिया संहिता लागू होईपर्यंत चालली. म्हणून प्रत्येक सिनेमात कोट घातलेला एक गृहस्थ फाईल मिटून म्हणतो, "पुरावा?" आणि नायकाचा जबडा आवळतो. तो गृहस्थ काही खलनायक नसतो. बऱ्याचदा त्याचंच म्हणणं बरोबर असतं.

शिवाय १९८१ च्या सुधारणेपर्यंत पोलीस दल लष्करी शिस्तीत होतं, संघटना करायला बंदी. हे तोंडी सांगेन, फलकावर नको.

१२ जून

ध्वनीचा प्रश्न. इटालियन घ्यायचा की इंग्रजी? त्या काळी तिकडे सेटवरचा आवाज वापरतच नसत. नट आपापल्या भाषेत बोलायचे आणि सगळा आवाज नंतर स्टुडिओत भरला जायचा. दुसऱ्या सिनेमात इटालियन फ्रांको नेरो, अमेरिकन जेम्स व्हिटमोर आणि स्पॅनिश फर्नांदो रेय एकाच सिनेमात आहेत. ओठ कोणाचेच नीट जुळत नाहीत, कुठलाही ध्वनी घ्या.

इटालियन ठेवतोय. रस्त्यावरची शिवी आणि कचेरीतली अदब यांचा पोत त्यातच कळतो. खाली मराठी ओळी मी घालीन.

१७ जून

आज 'ला पोलित्सिया इन्क्रिमिना, ला लेज्जे अस्सोल्वे'. व्याख्यानाचं नाव यावरूनच घेतलंय, म्हणून याला वेळ जास्त.

शहर जेनोवा. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये चेपलेली पट्टी, जुन्या भागात दोन माणसं जेमतेम जातील अशा गल्ल्या, आणि पुढ्यात बंदर. अमली पदार्थ आणणारा लेबनीज माणूस पळतोय, पोलीस अधिकारी बेल्ली (फ्रांको नेरो) मागे. कास्तेल्लारी सुरुवातीलाच लांबलचक पाठलाग देतो आणि आपण म्हणतो, वा, पकडला. मग त्या पकडलेल्या माणसाला घेऊन निघालेली पोलिसांची गाडी बॉम्बने उडते. कैदी गेला, सोबतचे पोलीस गेले. इतकी धावपळ करून हातात काय, तर काही नाही. सिनेमाचं गणित पहिल्याच काही मिनिटांत मांडून झालं.

अमेरिकन पोलीसपटांची छाप उघड आहे. फर्नांदो रेय दोन वर्षांपूर्वीच एका गाजलेल्या अमेरिकन सिनेमात फ्रान्समधल्या मार्सेयचा तस्कर झाला होता. इथे तो काफिएरो, निवृत्त झालोय म्हणून सांगणारा जुना डॉन. निर्मिती इटली-स्पेनची जोड, म्हणून तो इथे असणं सोयीचंही होतं. बेल्ली त्याच्याकडे माहिती मागायला जातो तेव्हा म्हातारा इतक्या सभ्यपणे बोलतो की पोलीसच उद्धट वाटतो.

पण सिनेमाचं काळीज आहे स्काविनोची फाईल. स्काविनो (व्हिटमोर) हा बेल्लीचा वरिष्ठ. त्याने वर्षानुवर्षं एक जाडजूड फाईल जमवली आहे. त्यात शहरातल्या प्रतिष्ठितांची नावं आहेत, पण न्यायालयात टिकेल असा पुरावा नाही, म्हणून तो ती कपाटातच ठेवतो. बेल्ली त्याच्या मागे लागतो: द्या, सरकारी वकिलाकडे द्या. भित्रे आहात म्हणून टोचतो. शेवटी स्काविनो फाईल काखेत मारून निघतो. वाटेत त्याचा खून होतो आणि फाईल गायब.

हा प्रसंग मी थांबवून-थांबवून पाहिला. बेल्लीने हात उचलला नाही, बंदूक काढली नाही. त्याने फक्त आग्रह धरला. त्याचा कडकपणा खरा होता, मुद्दा बरोबर होता, आणि किंमत दुसऱ्याने मोजली. त्यानंतर बेल्लीला स्काविनोची खुर्ची मिळते!

१९७३ चा इटालियन प्रेक्षक रस्त्यावर पडलेल्या पोलीस अधिकाऱ्याकडे बघताना कालाब्रेझी विसरला असेल हे अशक्य. जेनोवाचीही निवड हवेतून आलेली नाही. मार्च १९७१ मध्ये '२२ ऑक्टोबर' गटाने तिथे पगाराची रक्कम लुटताना आलेस्सांद्रो फ्लोरिस या कर्मचाऱ्याला मारलं होतं आणि त्या क्षणाचा फोटो देशभर छापून आला होता. पुढे एप्रिल १९७४ मध्ये तिथलाच सरकारी वकील मारिओ सोस्सी पळवला गेला.

व्याख्यानाचा धागा सापडला. या सिनेमांत नायक किती मारतो हे मोजायचं नाही. त्याच्या ताठपणाचं बिल कोणाच्या नावावर फाडलं जातं, ते पाहायचं.

१८ जून

आपल्याकडचा दुवा किती घ्यायचा? तोच १९७३ चा मे महिना, आपल्याकडे 'जंजीर' लागला. एकाच वर्षी दोन देशांत चिडलेला पोलीस. दोघांत देवाणघेवाण झाल्याचं काही म्हणायचं नाही, तसं ते नाहीच. 'अर्धसत्य' (१९८३) मात्र प्रेक्षकांतून कोणीतरी काढणारच: श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा, पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन निहलानींचं. त्यातला पोलीस वेलणकरही वरच्या दबावाने कोंडला जातो. पण तिथे कोंडी बापापासून, घरातून सुरू होते. इटालियन बेल्लीला बाप नाही, बालपण नाही. त्याला फक्त शहर आहे. एवढं बोलून पुढे जायचं. चर्चेत वाढलं तर वाढू दे.

२४ जून

तुकडे कापायला बसलो. बेल्लीच्या लहान मुलीचा मृत्यू दाखवायचा का, यावर अडलो.

प्रसंग असा: टोळी बेल्लीला धडा शिकवायला त्याच्या मुलीवर गाडी घालते. मुलीचं काम केलंय कास्तेल्लारीच्या स्वतःच्या मुलीने, स्तेफानिया जिरोलामीने. वेग मंदावतो, तुकडे तुकडे होतात, आवाज जातो-येतो. कारागिरी म्हणून जबरदस्त. बघवत मात्र नाही.

अध्यक्षबाईंना दाखवला. त्या शांतपणे म्हणाल्या, "हे बघा, हा एक सिनेमा झाला. बाकीच्या दोन्हींत बायका काय करतात ते मला सांगा."

मी सांगायला लागलो आणि सांगण्यासारखं फार नव्हतं. बेल्लीची मैत्रीण मार खाते. 'इल ग्रांदे राकेत'मध्ये हॉटेलवाल्याच्या मुलीवर अत्याचार होतो आणि ती जीव देते. नेमबाज रोस्सेत्तीची बायको तशीच संपवली जाते. "म्हणजे पुरुषाला राग यावा म्हणून बाई मारायची. गोळ्या संपल्या की बाई," बाई म्हणाल्या. "तुमच्या त्या बिलाच्या मुद्द्यात हे येणार असेल तर घ्या. नाहीतर तो मुद्दा अर्धाच आहे."

येणार. धागा बदलत नाही, पण धारदार होतो: किंमत दुसरे मोजतात, आणि त्या दुसऱ्यांत ज्यांना सिनेमा बोलूच देत नाही त्या बायका सर्वांत आधी. दिग्दर्शकाला हिशेब दिसत होता, पण हिशेबातली माणसं तो सारखी मोजत नव्हता.

मुलीचा तुकडा काढला. गाडी वळते तिथे कापून पुढचं तोंडी सांगायचं. अत्याचाराचे प्रसंग तर अजिबात नाहीत. सभागृहात शाळकरी मुलंही येतात.

१ जुलै

'इल ग्रांदे राकेत', १९७६. रोम. दुकानदारांकडून हप्ते उकळणारी टोळी. सुरुवातीलाच दुकानांच्या काचा फुटत जातात. आपल्या प्रेक्षकाला 'हप्ता' म्हटलं की पुढचं समजावायला नको. कोणी तक्रार द्यायला तयार नाही. पकडलेल्यांना वकील तासाभरात सोडवून नेतो आणि जाताना हसतो.

टोळीचा मुख्य माणूस 'मार्सेयवाला' रुडी. हेही हवेतलं नाही. त्या वर्षांत रोममध्ये मार्सेयहून आलेल्यांची टोळी खरीच होती, आल्बेर बेर्गामेल्ली वगैरे; अपहरणं त्यांच्या नावावर. त्यांचा तपास करणारा सरकारी वकील वित्तोरियो ओक्कोर्सियो १० जुलै १९७६ रोजी रोममध्येच मारला गेला, तोही नवफॅसिस्ट मारेकऱ्याकडून. गुंड, राजकारण, बॉम्ब यांच्या वेगवेगळ्या फायली करून ठेवायची सोय त्या देशाला तेव्हा नव्हती.

नायक पाल्मिएरी (फाबिओ तेस्ती). त्याची गाडी टोळी उतारावरून ढकलून देते, तो आत. या प्रसंगासाठी चार मिनिटं बाजूला काढलीत. कोणीही दिग्दर्शक कॅमेरा समोरच्या टेकाडावर लावून गाडी कोलांटताना दाखवेल. कास्तेल्लारी कॅमेरा गाडीच्या आत तेस्तीबरोबर ठेवतो आणि वेग मंद करतो. काच फुटते आणि तिचे तुकडे सावकाश त्याच्या तोंडावरून, केसांवरून तरंगत जातात. खाली-वर कळेनासं होतं. तो हात टेकायला जागा शोधतो; जिथे टप असायला हवा तिथे आता बसायची जागा आहे. बाहेरून पाहिली असती तर ती एक फेकलेली गाडी ठरली असती. आतून पाहिली की इतका वेळ आरडाओरडा करणारा, सगळ्यांना दमात घेणारा गडी एकदम नुसतं मांसाचं गाठोडं होऊन जातो.

हा तुकडा आधी आवाजासह आणि मग आवाज बंद करून दाखवायचा. दुसऱ्यांदा लोक काचा बघतील.

२ जुलै

सभागृहात जाऊन स्पीकर पाहिले. डावा खरखरतो. उजव्यावर सगळं नेलं तर मागच्या रांगेला संवाद कळत नाहीत, पण गोळ्या मात्र स्पष्ट ऐकू येतात. वायरमन दादांना सांगितलंय. ते म्हणाले, "होऊन जाईल साहेब." शुक्रवारी पुन्हा जाणार.

७ जुलै

आरोपाचा भाग लिहिला. इटालियन समीक्षकांनी, खासकरून डावीकडच्यांनी, या सिनेमांना फॅसिस्ट म्हटलं. 'इल ग्रांदे राकेत'ला तर जरा जास्तच. पाल्मिएरीला तपासातून बाजूला केलं जातं. मग तो टोळीने उद्ध्वस्त केलेल्यांना गोळा करतो. मुलगी गमावलेला हॉटेलवाला, बायको गमावलेला नेमबाज, म्हातारा चोर पेपे (व्हिन्सेंट गार्डेनिया), शिवाय काही उघड गुन्हेगार. या सगळ्यांच्या हाती बंदुका देऊन एका मोठ्या आवारात टोळीच्या बैठकीवर हल्ला. कायदा गेला खड्ड्यात. आरोप करणाऱ्यांना फार लांब जावं लागलं नसेल.

बचाव करणारे शेवटाकडे बोट दाखवतात: सगळे मरतात. पाल्मिएरी एकटा उरतो आणि हातातली बंदूक आपटून आपटून मोडतो. जिंकलेला माणूस असं करत नाही, हे खरं. पण तिथवर पोचेपर्यंत प्रेक्षकाने प्रत्येक गोळीला दाद दिलेली असते, आणि दिग्दर्शकाने ती द्यावी अशीच रचना केली आहे. शेवटच्या अर्ध्या मिनिटात बंदूक मोडून ती दाद परत घेता येत नाही.

माझं मत व्याख्यानात स्पष्ट सांगणार: स्तेनोचा सिनेमा या आरोपातून सुटतो, कारण तिथे स्वतःच न्याय करणारेच गुन्हेगार आहेत आणि पोलीस त्यांच्या विरोधात उभा राहून मरतो. १९७६ पर्यंत पोलीसच त्या बाजूला गेलेला आहे. चार वर्षांत नायक टेबलाच्या पलीकडे जाऊन बसला. हा प्रवास दाखवायचा, निकालपत्र वाचायचं नाही.

आणि प्रेक्षक? २२ मे १९७५ चा 'रेआले कायदा' पोलिसांना गोळी चालवायची मोकळीक वाढवून देतो. तो रद्द करावा म्हणून जून १९७८ मध्ये सार्वमत झालं. सुमारे ७६ टक्के लोकांनी तो ठेवा म्हणून सांगितलं. त्याच्या महिनाभर आधी, ९ मे रोजी, पळवून नेलेल्या माजी पंतप्रधान आल्दो मोरोचं प्रेत एका गाडीच्या डिकीत सापडलं होतं. थिएटरातल्या टाळ्या आणि मतपेटी यांच्यात सरळ रेघ मी ओढणार नाही. पण लोकांच्या मनात काय होतं हे दोन्हीकडून दिसतं.

काकांना हा भाग वाचून दाखवला. म्हणाले, "आता जरा बरं वाटतंय. नुसती मारामारी नाही." वर्गणीतून छापील कार्यक्रमपत्रिकेचे पैसे मंजूर!

११ जुलै

माउरिझिओ मेर्ली या नटाला वगळून चालणार नाही. मिशा, सोनेरी केस, निळे डोळे, आणि संशयिताच्या कानाखाली पडणारा हात. फ्रांको नेरोसारखा दिसतो म्हणून त्याला पुढे आणलं आणि तो स्वतःच एक प्रकार होऊन बसला. 'रोमा व्हिओलेन्ता' (१९७५) मध्ये कोमिस्सारिओ बेत्ती. पुढे 'नापोली व्हिओलेन्ता' आणि 'इतालिया आ मानो आर्माता', दोन्ही १९७६.

इथे एक कौटुंबिक बाब आहे जी लोकांना आवडेल. 'रोमा व्हिओलेन्ता'चा दिग्दर्शक मारिनो जिरोलामी, टोपणनावाने. एन्झो कास्तेल्लारीचं खरं नाव एन्झो जिरोलामी. म्हणजे हे बापलेक. पोराने पोलीसपट चालवून दाखवला, आणि बापाने दोन वर्षांनी त्याच वाटेवर आपली गाडी घातली. पोराच्या सिनेमात पोलिसाला प्रत्येक पाऊल महाग पडतं. बापाच्या सिनेमात पोलीस भराभर थपडा मारत जातो आणि थिएटर खूश. बापाला बाजार जास्त कळत होता, असं दिसतंय.

दाखवायचा तुकडा मात्र उम्बेर्तो लेन्झीच्या 'रोमा आ मानो आर्माता'तला (१९७६). पोलीस अधिकारी तान्झी (मेर्ली) पाठीला कुबड असलेल्या गुंड मोरेत्तोला (तोमास मिलियान) जिवंत काडतूस गिळायला लावतो. मोरेत्तो गिळतो. आणि पुढे ते पोटातून बाहेर आल्यावर जपून ठेवतो, तान्झीसाठीच. मिलियान मूळचा क्यूबाचा. इटालियनमध्ये त्याचा आवाज बहुतेकदा फेर्रुच्चो आमेंदोलाचा, जो डी नीरो आणि पचिनो यांचाही इटालियन आवाज होता. त्या प्रसंगात मेर्ली ओरडतो आणि मिलियान नुसता बघतो. प्रेक्षक कोणाकडे बघतो हे सांगायला नको. खलनायकाला गोष्ट सापडली आणि पोलिसाकडे मिशी उरली.

मेर्ली १९८९ मध्ये टेनिस खेळल्यावर हृदयविकाराने गेला, ४९ व्या वर्षी. गाड्यांची, उड्या मारायची कामं तो हौसेने स्वतः करायचा. ही ओळ ठेवतोय; त्याच्याबद्दल फक्त टवाळी झाली असं वाटायला नको.

१५ जुलै

शेवटचा भाग, छोटा. लाट का ओसरली? १९७६ मध्ये इटलीच्या घटना-न्यायालयाने स्थानिक खासगी टीव्हीला वाट मोकळी केली. बघता बघता घरोघरी दिवसरात्र फुकट सिनेमे. १९७५ मध्ये तिकडे वर्षाला ५० कोटींवर सिनेमाची तिकिटं खपत होती. १९८० मध्ये सुमारे २४ कोटी. मारामारीच्या सिनेमांचे दिवस भरले. मिलियान तोवर पोलिसाच्याच वेषात विनोदाकडे वळला होता: 'स्क्वाद्रा आंतिस्किप्पो' (१९७६) पासून लोकरी टोपी घातलेला निको जिराल्दी, तोंडात शिव्या आणि रोमची बोली. लोकांना कडक पोलिसापेक्षा हा आवडला. स्तेनोने विनोद सोडून जे सुरू केलं ते वळसा घेऊन विनोदातच जाऊन मिळालं.

नंतरच्या कौतुकाबद्दल एकच वाक्य: २००४ च्या व्हेनिस महोत्सवात टॅरँटिनो आणि जो डान्टे या अमेरिकन दिग्दर्शकांनी या जुन्या सिनेमांचा विभाग सादर केला. त्याहून जास्त नको. टॅरँटिनोचं नाव निघालं की चर्चा त्याच्यावरच जाते.

१९ जुलै

अध्यक्षबाई, काका आणि दोन कार्यकर्ते यांच्यासमोर रंगीत तालीम. वेळ ९० मिनिटांच्या वर. कात्री:
– रचनेचा फलक अर्धा केला.
– 'जंजीर'चा परिच्छेद गेला. कोणी विचारलं तर बोलेन.
– मेर्लीचे दोन तुकडे होते, काडतुसाचा ठेवला.
– कास्तेल्लारीच्या सिनेमांचे संगीतकार दे आंजेलिस बंधू यांच्यावरचा भाग पूर्ण काढला. जिवावर आलं. त्याऐवजी लोक आत येत असताना त्यांचंच संगीत वाजत ठेवू.

बसच्या प्रसंगाला बाई सर्वांत जास्त गुंतल्या. काका गाडीच्या प्रसंगाला पुढे सरकून बसले आणि आवाज बंद केल्यावर म्हणाले, "हे पुन्हा लावा."

एका कार्यकर्त्याने विचारलं, "स्काविनोने फाईल दिली नसती तर?" उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबलो, हाच प्रश्न मध्यंतरापूर्वी प्रेक्षकांकडे टाकायचा ठरलं. दहा मिनिटं त्यांना भांडू दे. मध्यंतर धरून नवा हिशेब ८५ मिनिटांचा होतो. वाचनालयाच्या व्यवस्थापकांकडून पंधरा मिनिटं जास्तीची मागून घ्यायची आहेत, आणि डावा स्पीकर अजून खरखरतोय.